पोचल्याच्या दोन रिंगा

पत्र १
ट्रॉय, ८ सप्टेंबर २०२५

सुहास,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता बाजूला टाकायच्या बेतात असशील, म्हणून आधीच सांगतो, हे तुझ्यासाठी नाही. आन्यासाठी आहे. तू फक्त मधला माणूस आहेस, तेव्हा फुगून बसायचं कारण नाही.

तुझ्या नातीने मला मेसेज केला. "ट्रॉय आजोबा, माझा नेटवर्किंगचा क्लास आहे, टीचर सुपर फास्ट जातो, आय अ‍ॅम सो लॉस्ट. कॅन यू हेल्प?" मी जन्मभर मोटारींच्या कारखान्यांत यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावण्याचं काम केलं. घरातल्या कोणी मला त्यातलं काही विचारलं नाही. रेखा म्हणायची, "तुमच्या तारांचं तुम्ही बघा, मला फक्त टीव्ही लागला म्हणजे झालं." आणि आता ही शाळकरी मुलगी आपण होऊन विचारते आहे. मला फार बरं वाटलं.

फोनवर समजावलं असतं, पण कान गेले. कानात यंत्रं घातली की समोर बसलेला माणूस कळतो, फोनवर मात्र नुसती खरखर. म्हणून पत्र. मराठीत लिहितो आहे आणि तिला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. तू वाच आणि तिला सांग. इतकी वर्षं अमेरिकेत काढून मला इंग्रजी येत नाही असा गैरसमज करून घेऊ नकोस.

तर धडा पहिला. माझ्या घरासमोर रस्त्याच्या कडेला पत्रांची पेटी आहे आणि तिला लाल झेंडी आहे, तू पाहिली आहेस. झेंडी वर केली म्हणजे आत पत्र आहे, घेऊन जा. झेंडी खाली म्हणजे काही नाही. तिसरा प्रकार नाही. अर्धी वर केलेली झेंडी आमची टपालवाली बाई मोजत नाही. एवढ्याशा माहितीला बिट म्हणतात, एक किंवा शून्य. तारेत झेंडीऐवजी वीज असते, काचेच्या तारेत उजेड, वायफायमध्ये लहरी. अशा आठ झेंड्या ओळीने लावल्या की एक इंग्रजी अक्षर होतं. आन्या मैत्रिणींना जे फोटो पाठवते, ते म्हणजे लाखो झेंड्या, भराभर वर-खाली होणाऱ्या. सेकंदाला किती झेंड्या हलवता येतात, तो नेटचा वेग.

वाटेत खरखर मिसळते, तिला नॉइज म्हणायचं. माझ्या फोनसारखी. एखादी झेंडी वर असून खाली दिसते. म्हणून पाठवणारा शेवटी सगळ्यांची बेरीजही पाठवतो. घेणारा स्वतः बेरीज करून बघतो. जुळली नाही, तर माल वाटेत बिघडला.

इकडे हवा छान आहे. काल गवत कापायला काढलं आणि अर्ध्यात मशीन बंद करून पायरीवर बसलो. उरलेलं आज कापलं. वय झालं, दुसरं काय.

पत्राच्या डोक्यावर नंबर घातला आहे. का, ते पुढच्या पत्रात.

दादा


पत्र २
ट्रॉय, १७ सप्टेंबर २०२५

सुहास,

तुझं उत्तर नाही. पण आन्याचा मेसेज आला, "आजोबांनी मेलबॉक्स ड्रॉ करून दाखवला, नाउ आय गेट इट." म्हणजे पत्र फोडलंस, वाचलंस आणि वर चित्रही काढलंस. लहानपणी तुझ्या चित्रातली गाय मांजरासारखी दिसायची. पेटी तरी पेटीसारखी आली असेल अशी आशा आहे.

धडा दुसरा. मोठा माल कधी एकत्र पाठवत नाहीत. त्याचे तुकडे करतात, तुकड्याला पॅकेट म्हणतात. हे आन्याला समजावायला पुस्तक नको, रेखाचा दिवाळीचा फराळ सांग. ती तुम्हाला सगळा फराळ एका खोक्यात कधीच पाठवायची नाही. चकल्यांचं वेगळं, लाडवांचं वेगळं, चिवड्याचं वेगळं. एखादं वाटेत आपटलं तरी बाकीचं शाबूत राहावं म्हणून. प्रत्येक खोक्यावर तुमचा पत्ता, आमचा पत्ता आणि जाड पेनाने नंबर, "पाचातला दुसरा", "पाचातला चौथा". खोकी आपापल्या वाटेने शुगर लँडला पोचायची, कधी चौथं आधी तर पहिलं नंतर. नंबर असल्यामुळे सीमाला कळायचं की कुठलं यायचं आहे. पॅकेटवर नेमकं हेच असतं. कुठून, कुठे, कितवं.

एका वर्षी अनारशांचं खोकं मागे राहिलं, आठवतं? बाकी सगळं येऊन पडलं होतं आणि तू म्हणालास, अनारसे आल्याशिवाय मी कशालाच हात लावणार नाही. सीमाने रेखाला फोन करून सांगितलं, "हे लहान मुलासारखे रुसून बसलेत." कॉम्प्युटरही तसाच असतो असं आन्याला सांग. मधला तुकडा आला नाही, तर पुढचे आलेले तसेच बाजूला ठेवून वाट बघतो.

आणि वाट कोण दाखवतं? राउटर. रस्त्यात उभा राहून पत्ता वाचतो आणि माल पुढच्या माणसाकडे ढकलतो. आत काय आहे ते तो उघडून बघत नाही.

आपल्या घरचे राउटर मात्र उघडून बघायचे. तुझी बातमी सीमाकडून रेखाला आणि रेखाकडून मला. माझी तशीच परत. आपण दोघं भाऊ थेट कधी बोललो? वाढदिवसाला रेखा फोन लावून माझ्या हातात द्यायची, मी म्हणायचो "काय, कसं काय", तू म्हणायचास "ठीक", आणि पुन्हा बायका बोलायच्या. बहुतेक घरांत असंच असतं. दोन जावांचं पटत होतं म्हणून दोन भावांचं चाललं होतं.

रेखा आजारी पडली तेव्हा तिने सीमाला सांगितलं आणि वर बजावलं, "भाऊजींना इतक्यात नको सांगूस, सगळं टाकून धावत येतील." सीमाने शब्द पाळला. मी समजत होतो की तुला कळलं आहे आणि तू फोन करत नाहीस. मी मनातल्या मनात तुझ्यावर चिडून होतो. तुला कळलं तेव्हा अंत्यविधीलाच यावं लागलं. फ्युनरल होमच्या पार्किंग लॉटमध्ये तू म्हणालास, "दादा, डॉक्टर म्हणून नाही रे. भाऊ म्हणून कळवायचं होतंस." आणि गाडीत बसलास. त्याला दुसरा हिवाळा येतो आहे आता.

हे शेवटचं आन्याला सांगू नकोस. परीक्षेत येणार नाही.

दादा


पत्र ३
ट्रॉय, २६ सप्टेंबर २०२५
(टपालात टाकलं नाही)

सुहास,

या पत्रात धडा नाही.

माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. नीट उघडत नाही. गवत कापताना बसावं लागलं ते वयामुळे नव्हे. अठ्ठावीस ऑक्टोबरला ऑपरेशन ठरलं आहे, छाती उघडूनच करणार आहेत. डॉक्टर चांगले आहेत. माझी प्रीता सिॲटलहून येते आहे, कागदपत्रं, औषधं, जेवणखाण सगळं ती बघेल. कामासाठी मला कोणाची गरज नाही.

मला भीती वाटते ती भुलेची. भूल देणारी कोणी मुलगी माझ्या नाकावर मास्क ठेवणार, आकडे उलटे मोजा म्हणणार, आणि मला काही ऐकू येणार नाही. कानातली यंत्रं आधीच काढून घेतात म्हणे. म्हणजे मी ऐकू न येता झोपणार. याची मला फार भीती वाटते आणि हे मी प्रीताला सांगू शकत नाही, ती आधीच रडवेली आहे.

तू आयुष्यभर लोकांना भूल दिलीस. सीमा सांगायची की तू पेशंटचा हात धरून त्याला झोपवायचास, घाई असली तरी. तुला आत घेणार नाहीत हे मला समजतं. तू बाहेर खुर्चीत बसलेला असलास तरी मला पुरे आहे. रेखाच्या वेळी तुला कळलं नाही. या वेळी प्रीता सोडली तर सगळ्यात आधी तुलाच सांगतो आहे, सीमाला नाही, मंडळातल्या कोणाला नाही.

ये. दुसरं काही मागत नाही.

दादा


पत्र ४
ट्रॉय, २९ सप्टेंबर २०२५

सुहास,

मधे जरा कामात होतो, म्हणून उशीर झाला.

आन्याची चाचणी झाली म्हणे आणि तिला चांगले मार्क पडले. तिने मला नाचणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं. तुला काय पाठवलं माहीत नाही, पण निम्मे मार्क तुझे आहेत.

आजचा धडा पोचपावतीचा. माल पाठवला म्हणजे पोचला असं नाही. पाठवणारा घड्याळ लावून बसतो. पलीकडून "मिळालं" असा निरोप आला की पुढचं पाठवतो. ठरलेल्या वेळात निरोप आला नाही, तर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. रागवत नाही, मनाला लावून घेत नाही, पुन्हा पाठवतो. आणि घेणाऱ्याचंही एक काम असतं. मधला नंबर आला नसेल, तर त्याने तसं कळवायचं. घेणारा गप्प बसला, तर पाठवणाऱ्याला काय कळणार?

आपल्याकडे हे आधीपासून होतं. तू ओहायोत डॉक्टरकीचं पुढचं शिकत होतास, तेव्हा सुट्टीला आमच्याकडे यायचास आणि बर्फातून त्या खटारा गाडीने परत जायचास. लाँग डिस्टन्स फोन महाग. रेखाने नियम घालून दिला होता, पोचलास की दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. आम्ही फोन उचलायचा नाही. दोन रिंगा वाजल्या की ती म्हणायची, "पोचले भाऊजी," आणि जेवायला वाढायची. पुढे फोन फुकट झाले, तू टेक्सासला गेलास, मोठा डॉक्टर झालास, तरी दर वेळी आमच्याकडून घरी पोचल्यावर तुझ्या दोन रिंगा यायच्याच. मजा म्हणून.

त्या दिवशी पार्किंग लॉटमधून गेलास, त्यानंतर आल्या नाहीत. मी वाट बघितली होती. मला वाईट वाटलं.

आता तशाही ऐकू आल्या नसत्या. प्रीताने फोनला एक दिवा जोडून दिला आहे, रिंग आली की तो लागतो. परवा लागला तेव्हा धावलो, तर कोणीतरी मला गाडीचा विमा विकत होतं.

मंडळाच्या लतिका काकू कोजागिरीला बोलवायला आल्या होत्या. कॉफी पीत म्हणाल्या, "उल्हासदादा, नुसते या, दूध प्या, बसून राहा. राइडची काळजी करू नका, आमचे हे पिकअप करतील." मी नाही म्हटलं. तो हॉल वरच्या मजल्यावर आहे. लवकर झोपलेलं बरं. हल्ली दोन उशा घेतल्याशिवाय झोपच लागत नाही.

दादा


पत्र ५
ट्रॉय, ९ ऑक्टोबर २०२५

सुहास,

हा तूर्त शेवटचा धडा. ऑक्टोबर अखेर मी थोडा गडबडीत असणार आहे.

पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक मागे सांगितली, पोचपावतीची. तिच्यात काही हरवत नाही, पण वेळ लागतो. दुसरीत पावतीच नसते. पाठवायचं आणि पुढे जायचं. मॅच थेट दाखवतात, तेव्हा अशीच पाठवतात. एखादा तुकडा हरवला तर चित्र क्षणभर फुटतं, पण थांबून मागचा चेंडू कोणाला बघायचा नसतो. आन्याने विचारलं की यातली चांगली कुठली, तर सांग, काम बघून ठरतं. दोन्ही चांगल्या.

माझी पत्रं दुसऱ्या पद्धतीची समज. मला उत्तर नको आहे. तू वाचतोस आणि पोरीला सांगतोस, एवढं कळलं, ते पुष्कळ झालं. रोज दुपारी टपालवाली येऊन गेली की पेटी उघडून बघायची सवय लागली होती, तीही आता मोडली आहे.

आन्याला वेगळं पार्सल पाठवलं आहे. त्यात माझा तारा जोडायचा चिमटा आहे, तारेच्या टोकाला प्लग बसवतात तो. मूठ झिजली आहे, पण दात शाबूत आहेत. माझ्याकडे पडून राहण्यापेक्षा तिच्याकडे असलेला बरा.

मेपलची पानं पडायला लागली. या वर्षी मी ओढत नाही, शेजारच्या पोरांना सांगितलं आहे. थोडं ओढलं की उगीच थांबावं लागतं.

सीमाला सांग की तिने काही चुकीचं केलं नाही. दिलेला शब्द पाळला. रेखालाही तेच हवं होतं.

दादा


शुगर लँड, १४ ऑक्टोबर २०२५

दादा,

१, २ आणि ४ मिळाली. ५ मिळालं आहे, फोडलेलं नाही. ३ आलं नाही.

मी आधी टपालखात्यावर चिडलो. पोस्ट ऑफिसात जाऊन विचारून आलो. मग ४ पुन्हा वाचलं. "मधे जरा कामात होतो." तुला कसलं काम आहे? पत्र लिहिलंस, नंबर घातलास आणि टाकलं नाहीस. दुसरा कोणी असता, तर गुपचूप चौथ्याला तीन नंबर देऊन मोकळा झाला असता. तुला एकदा वापरलेला नंबर पुन्हा वापरवत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. तुझ्या वहीत खोडाखोड झाली की तू पान फाडायचास, पण पुढच्या पानाचा नंबर बदलायचा नाहीस. मास्तरांनी दर वेळी पकडलं.

आन्या माझ्यासमोर सगळी पत्रं मांडून बसली आणि म्हणाली, "आजोबा, थ्री इज मिसिंग. यू हॅव टू आस्क फॉर इट. दॅट्स द होल पॉइंट." मी म्हटलं, मला विचारायला जमत नाही. ती म्हणाली, "मग तो कसा सेंड करणार?" तिला मराठीत मोठ्यांना "ते" म्हणायचं कोणी शिकवलं नाही, पण बाकी डोकं बरं आहे.

गवत कापताना अर्ध्यात बसलास. जिना नको म्हणून कोजागिरी सोडलीस. दोन उशा घेतोस. ही पत्रं एका भूलतज्ज्ञाला लिहितो आहेस, दादा. ४ वाचलं त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. सीमाने लतिका काकूंना फोन करून विचारते म्हटलं. मी म्हटलं, नाही, या वेळी मधे कोणी नको. मला त्याच्याकडूनच ऐकायचं आहे.

दोन वर्षं मी तुझ्यावर रागावून होतो, की मला बाहेर ठेवलंस. आता पुन्हा ठेवतो आहेस.

तीन नंबर पाठव. ते आल्याशिवाय पाच फोडणार नाही. विमानाचं तिकीट कुठल्या तारखेचं काढायचं, तेही ते आल्याशिवाय कळणार नाही.

सुहास


पत्र ६
ट्रॉय, १८ ऑक्टोबर २०२५

सुहास,

सोबत तीन नंबर. लिहिलं होतं तसंच, एक शब्द बदललेला नाही. हरवलेला तुकडा पाठवताना त्यात सुधारणा करायच्या नसतात.

ते मी त्या दिवशी पेटीत ठेवलं होतं. झेंडीही वर केली होती. मग खिडकीत बसून विचार केला की बरे असताना कधी बोललो नाही आणि आता आजारपण दाखवून भावाला बोलवायचं, हे काही बरं नाही. टपालवाली कोपऱ्यावर दिसली तशी बाहेर जाऊन पत्र काढून घेतलं आणि झेंडी खाली केली. तेवढ्या चालण्यानेही दम लागला.

आज झेंडी वर करून तिथेच रस्त्याच्या कडेला उभा राहणार आहे. ती बाई येईपर्यंत घरात जाणार नाही, नाहीतर माझा भरवसा नाही.

दिवाळी आली. प्रीता दुकानातून चकल्या मागवते आहे. अनारसे कुठे मिळाले नाहीत.

दादा


पत्र ७
ट्रॉय, २२ ऑक्टोबर २०२५

सुहास,

हे पत्र तू निघायच्या आत तिकडे पोचेल की नाही, माहीत नाही. तू इकडे आणि पत्र तिकडे, असंही होईल. तरी लिहितो, कारण कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि जिला सांगितलं असतं ती नाही.

मघाशी जेवायला बसलो होतो. फोनचा दिवा लागला. मी पुन्हा कोणीतरी विमा विकतंय म्हणून भात कालवत राहिलो. दिवा विझला, पुन्हा एकदा लागला, विझला. मग लागलाच नाही. मी ताट सोडून उठलो आणि फोनवर नंबर बघितला. शुगर लँडचा होता. तुझ्या घरचा.

प्रीता स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, फोन वाजत होता, तुम्ही का नाही उचलला?"

मी म्हटलं, हा उचलायचा नसतो. वाढ आता.

दादा